पहिलारू घोडी, नवजात शिंगरू आणि पहिले दोन तास

आपल्या प्रश्नातील हकीकत आधी थोडक्यात मांडतो. आपली घोडी पहिल्यांदाच व्याली. शिंगरू तासाभरात पायांवर उभे राहिले, परंतु ते कासेजवळ गेले की घोडी एक तर किंचाळून मागचा पाय उचलत असे, नाही तर गर्रकन वळून त्याच्याकडे तोंड करीत असे, आणि शिंगरू बिचारे ठाणाची भिंत आणि पाण्याची बादली चोखत राहिले. जन्मापासून सव्वा तास झाल्यावर चार जणांनी मिळून घोडी धरली आणि शिंगरू उचलून सडाला लावले. आज तिसरा दिवस आहे. शिंगरू व्यवस्थित पिते, पण घोडी ठाणात येणाऱ्या माणसावर कान पाडून येते आणि शिंगरू आईची लीद खाताना दिसते. घोडीने पिलाला नाकारले होते का, आपण हात घातला तो वेळेवर होता का, सध्याचे वागणे काळजीचे आहे का, आणि जन्मल्याबरोबर शिंगराचे सर्वांग हाताळले की ते कायमचे माणसाळते हे खरे का, असे आपले चार प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. आपण जे वर्णन केले आहे ते पहिलारू घोडीचे अगदी नेहमीचे वागणे आहे. त्याला नाकारणे म्हणता येणार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे स्पष्ट लिहावे लागेल: आपण पाऊण तास लवकर हात घातला. नुकसान झालेले दिसत नाही आणि आपली धास्ती मला समजते, पण घोडी विते त्या रात्री माणसाने घड्याळाकडे पाहून वागावे, स्वतःच्या जिवाच्या घालमेलीकडे पाहून वागू नये, असे माझे इतक्या वर्षांच्या जागरणांनंतरचे मत आहे. त्यामागची कारणे सांगायची तर सुरुवात शिंगरू बाहेर येते त्या क्षणापासून करावी लागते.

शिंगरू पूर्ण बाहेर आल्यावर घोडी लगेच उठत नाही. दहा-पंधरा मिनिटे, कधी त्याहून अधिक, ती आडवीच राहते आणि शिंगराचे मागचे पाय बऱ्याचदा अजून तिच्या योनिमार्गातच असतात. पाहणाऱ्याला ती दमून पडली आहे असे वाटते आणि तिला उठवण्याचा मोह होतो, तो आवरावा. नाळ अजून अखंड असते, आणि घोडी उठली किंवा शिंगराने धडपड केली की ती शिंगराच्या पोटापासून दोन-तीन बोटांवर असलेल्या मूळच्या अरुंद जागी आपोआप तुटते. तेथे तुटली तर रक्तस्राव फारसा होत नाही. कात्रीने कापली तर होऊ शकतो. माणसाचे काम एवढेच की शिंगराच्या नाकावर पडदा राहिला असेल तर तो दूर करावा, अर्ध्या-एक मिनिटात श्वास सुरू झाला याची खात्री करावी, आणि नाळ तुटल्यावर तिचा देठ क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवावा. तीव्र आयोडीन वापरू नये, त्याने कातडी भाजते. एवढे करून ठाणाबाहेर पडावे आणि दिवा मंद ठेवावा.

आपण बाहेर पडता त्याच सुमारास आतले खरे काम सुरू होते. घोडी मान वळवते, शिंगराला आणि ओल्या झालेल्या गवताला हुंगते, आणि वरचा ओठ उलटा वळवून, मान उंच करून तो वास आत ओढते. एरवी हे आपण घोड्यांमध्ये माजाच्या वेळी पाहतो. विल्यानंतर घोडी ते गर्भजलासाठी करते. मग ती चाटू लागते. डोके, मान, पाठ, कधी कधी नुसते जमिनीवरचे ओले गवतसुद्धा. गाय वासराला पुढेही बराच काळ चाटत राहते. घोडीचे चाटणे पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जोमाचे असते आणि काही तासांत जवळजवळ थांबते. घोडी बहुधा वारही खात नाही. चाटताना ती घशातल्या घशात एक खोल, थरथरता हुंकार देत असते. तो इतका हलका असतो की दाराशी उभ्या असलेल्या माणसाला तो नाकपुड्यांच्या थरथरीवरूनच कळतो. दूरच्या सोबत्याला हाक मारताना घोडी खिंकाळते, तो आवाज अगदी वेगळा. हा हुंकार आणि हे चाटणे ज्या घोडीत दिसले तिचे मातृत्व जागे झाले आहे असे मी निःशंक मानतो, पुढे ती कासेजवळ कितीही नखरे करो. आपण लिहिले आहे की आपली घोडी शिंगराला चाटत होती; माझ्यासाठी निम्मे उत्तर तिथेच मिळाले.

या पहिल्या काही तासांत घोडी आपल्या शिंगराचा वास पक्का करते. त्यानंतर परके शिंगरू कासेला आले तर ती ते हाकलते, आणि स्वतःचे शिंगरू मुख्यतः वासाने व जवळ आल्यावर दिसण्यावरून ओळखते. शिंगराची गोष्ट उलट आहे. आई कोणती हे पक्के कळायला त्याला काही दिवस, जवळपास आठवडाही लागू शकतो. सुरुवातीला ते हलणाऱ्या कोणत्याही मोठ्या आकृतीच्या मागे जाते, मग ती दुसरी घोडी असो की आपण. म्हणूनच नवी आई शिंगरू आणि इतर घोड्यांच्या मध्ये उभी राहते आणि मोकळ्या रानात तर कळपापासून थोडी बाजूला राहते. दोघांपैकी ओळख फक्त एकीला असते आणि ती टिकवण्याची सारी जबाबदारी तिच्यावर असते. गर्भजलाच्या वासाने भरलेला हा काळ आपण चार माणसांच्या घामाने, साबणाने आणि आरडाओरड्याने भरून टाकला, तर तिचे काम अवघड होते.

आता शिंगराकडे येऊ. निरोगी शिंगरू जन्मानंतर काही मिनिटांतच छातीवर बसते आणि डोके सावरू लागते. दहा-वीस मिनिटांत तोंडात बोट दिले तर ते जीभ पन्हाळीसारखी वळवून चोखते. तासाभरात उभे राहते, दोन तासांत पिते, आणि तीन तासांच्या आत घोडीची वार पडते. एक, दोन, तीन तासांचा हा हिशेब घोड्यांच्या पैदाशीत जगभर चालतो आणि तो पागेच्या दारावर खडूने लिहून ठेवावा इतका उपयोगी आहे. काही शिंगरे अर्ध्या तासात उभी राहतात, काही दीड तास घेतात. प्रयत्न सुरू आहेत आणि प्रत्येक प्रयत्न आधीच्यापेक्षा थोडा बरा आहे, हे पाहणे मिनिटे मोजण्याइतकेच महत्त्वाचे.

उभे राहण्याची ही धडपड ज्याने पहिल्यांदा पाहिली त्याला मदत केल्यावाचून राहवत नाही. पुढचे पाय फाकतात, पुठ्ठा वर जातो, आणि क्षणभर तिरपे उभे राहून शिंगरू नाकावर कोसळते. खुरांना अजून मऊ, पिवळसर, बोटांसारख्या लोंबत्या झालरी असतात. त्या गर्भपिशवीला खुराची धार लागू नये म्हणून असतात आणि चालू लागल्यावर एक-दोन दिवसांत झिजून जातात. या झालरींमुळे पाय आणखी घसरतो. तरीही त्याला उचलून उभे करू नये. पडण्या-उठण्याच्या या प्रयत्नांतच स्नायू आणि तोल जुळून येतात, आणि हाताने धरलेले शिंगरू आपल्या हातावर भार टाकून लोंबकळते. जमीन निसरडी नसावी आणि खाली भरपूर कोरडे गवत असावे, एवढी व्यवस्था आपली.

उभे राहिल्यावर शोध सुरू होतो, आणि इथेच बहुतेक मालकांचा धीर सुटतो. कास कुठे आहे हे शिंगराला ठाऊक नसते. त्याला इतकेच कळते की काहीतरी उबदार, मऊ, वरून झाकलेले आणि अंधारे असे कोपऱ्यात कुठेतरी आहे, म्हणून ते आईच्या छातीखाली, कोपराच्या बेचक्यात, पोटाच्या कडेने नाक घासत जाते. भिंतीचा कोपरा, बादलीची कड, आईचा गुडघा या सगळ्यांवर ते चोखण्याचा प्रयोग करते. भिंत चोखणारे शिंगरू वेडे किंवा दुबळे नसते. उलट चोखण्याची प्रेरणा शाबूत असल्याचा तो पुरावा असतो. फक्त तेच शिंगरू तीन तासांनंतरही भिंतच चोखत असेल आणि आईकडे त्याचे लक्षच नसेल, तर गोष्ट निराळी. त्याविषयी पुढे लिहितो.

अनुभवी घोडी या शोधात काय करते ते एकदा शांतपणे पाहावे. शिंगरू पोटाच्या कडेने मागे सरकू लागले की ती स्थिर उभी राहते, पलीकडच्या मागच्या पायावर भार टाकते, अलीकडचा पाय किंचित मागे व बाहेर घेते आणि कास उघडी करते. नाक चुकीच्या जागी गेले तर ती पुठ्ठा बोटभर हलवते, आणि शिंगराच्या शेपटीच्या बुडाशी नाकाने हलकेच ढकलते. पहिलारू घोडीला यातले काहीच येत नसते. तिला शिंगरू हवे असते, इतके हवे असते की ते डोळ्यांसमोरून हलले की ती वळून पुन्हा त्याच्याकडे तोंड करते. शिंगरू मागे जाते, ती फिरते. ते पुन्हा मागे जाते, ती पुन्हा फिरते. बाहेरून पाहणाऱ्याला ती पाजण्याचे टाळते आहे असे वाटते. वस्तुतः ती पिलाला नजरेआड होऊ देत नसते. त्यातच कास ताठलेली, आयुष्यात तिला कधी कुणी हात लावलेला नाही, आणि अचानक एक ओले नाक तिच्यावर धडका मारते. घोडी किंचाळणारच, पाय उचलणारच. या पाय उचलण्याकडे नीट पाहिले तर तो बहुतेक वेळा हवेतच राहतो किंवा जागच्या जागी आपटला जातो. शिंगराला लागत नाही. सरावलेल्या घोड्यासुद्धा पाजताना मधूनच कान पाडतात आणि चावायचा आव आणतात, विशेषतः शिंगरू जोरात ढुशी मारते किंवा सडाला दात लावते तेव्हा.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक चूक सांगतो. अशाच एका पहिलारू घोडीला मी आणि सोबतच्या दोघांनी तासाभरातच मोरकीने भिंतीला टेकवले आणि शिंगराचे डोके धरून कासेखाली दाबले. जितके दाबावे तितके ते मान मागे ओढत होते, कारण डोक्यावर दाब आला की शिंगरू त्याच्या विरुद्ध रेटा देते. घोडी घामाघूम झाली, तिने पान्हा चोरला. पाऊण तासाने आम्ही हरून बाहेर जाऊन बसलो. आतला गोंधळ थांबल्यावर काही वेळातच शिंगराने स्वतःहून सड पकडला, आणि चोखण्याचा तो ओला, लयीचा आवाज आम्हाला दाराबाहेर ऐकू आला. त्यानंतर पंधरवडाभर ते शिंगरू माणसाचा हात डोक्याजवळ आला की मागे सरायचे. पुढे फ्रान्समधील रेन विद्यापीठातील संशोधकांचे काम वाचनात आले, त्यात हेच दिसले होते की पहिल्या पिण्यासाठी माणसांनी धरून सडाला लावलेली शिंगरे नंतर माणसाला अधिक टाळतात. तेव्हा मला त्या शिंगराची आठवण झाली.

मग हात घालायचा तरी केव्हा? याचे उत्तर चिकात आहे. घोडीची वार अशा रचनेची असते की गर्भावस्थेत आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, शिंगरापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. रोगप्रतिकाराच्या दृष्टीने शिंगरू रिकाम्या हाताने जन्मते आणि ती शिदोरी त्याला चिकातूनच मिळते. चिकातील ही मोठी प्रथिने आतड्यातून अखंड शोषून घेण्याची क्षमता पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत चांगली असते, बारा तासांपर्यंत ती खूपच उतरते आणि चोवीस तासांच्या सुमारास संपते. शिवाय शिंगराच्या अंगात साठवलेली ऊर्जा फार थोडी असते, त्यामुळे उपाशी शिंगरू लवकर गळते आणि गळलेले शिंगरू पिऊ शकत नाही. म्हणून दोन तासांपर्यंत दुरून लक्ष ठेवावे. दोन तास झाले आणि सड सापडला नाही तर हलक्या हाताने मदत करावी. तीन तास झाले तर पशुवैद्याला बोलावून घ्यावे आणि तोवर चीक काढून पाजण्याची तयारी करावी. अर्थात शिंगरू निपचित पडले असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा तासाभरात डोकेही सावरत नसेल, तर घड्याळाची वाट पाहत बसू नये.

मदतीची रीत अशी ठेवावी. एकाच ओळखीच्या माणसाने घोडीच्या डोक्याशी उभे राहून तिला मोरकीने धरावे, तिचा एक खांदा भिंतीकडे असावा, म्हणजे ती गोल फिरू शकत नाही. तिला शिंगरू दिसत राहील अशी मान मोकळी ठेवावी. निम्म्या घोड्या एवढ्यानेच शांत होतात. थोडा आवडीचा दाणा समोर ठेवायला हरकत नाही. दुसऱ्याने कासेला आधी हात लावून दोन धारा काढाव्यात, त्याने ताठलेली कास जरा मोकळी होते आणि सडाच्या तोंडाशी साचलेला मेणासारखा चिकटाही निघून जातो. मग तेच चिकाने ओले झालेले बोट शिंगराच्या तोंडात देऊन त्याला मागे मागे कासेपर्यंत आणावे. त्याच्या पुठ्ठ्यामागे गुडघ्याचा आधार पुरतो. डोक्याला हात लावू नये. एकदा घोट घशाखाली गेले की पुढच्या वेळी ते निम्म्या वेळात वाट शोधते. चीक बाटलीने पाजायची वेळ आली तर शिंगरू उभे किंवा छातीवर बसलेले असावे आणि मान नेहमीच्या पातळीपेक्षा वर उचललेली नसावी, नाही तर चीक फुप्फुसात जातो. चोखण्याची प्रेरणाच कमकुवत असेल तर बाटली विसरावी. नळीने पाजणे हे पशुवैद्याचे काम आहे.

शिंगरू खरोखर पिते आहे की नुसते कासेखाली उभे आहे, याची एक खूण सांगतो. पिणाऱ्या शिंगराची जीभ सडाभोवती वळलेली असते, घशाची हालचाल दिसते, आणि दूर झाल्यावर कास सैल पडलेली असते. ज्या शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेले आहे आणि आईच्या सडांतून धारा गळत आहेत, ते कासेखाली जाते पण पीत नाही: त्याच्या धडकांनी पान्हा सुटतो आणि दूध त्याच्याच डोक्यावर पडते. असे कपाळ दिसले तर मी ते आजाराचे पहिले लक्षण धरतो, मग शिंगरू कितीही चपळ दिसो. आपण पहिल्या रात्री चीक वेळेवर गेल्याचे लिहिले आहे, तरी किती लागू पडला हे डोळ्यांनी कळत नाही. जन्मानंतर अठरा ते चोवीस तासांनी रक्तातील प्रतिपिंडे मोजतात. दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास निर्धास्त राहावे, ४०० पेक्षा कमी असल्यास शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रवभाग, देण्याचा विचार करावा लागतो. ही तपासणी केली नसेल तर आज, तिसऱ्या दिवशीही करून घ्यावी.

खरे नाकारणे कसे असते हे एकदा पाहिले की पुन्हा गोंधळ होत नाही, आणि ते फार थोड्या घोड्यांत घडते. त्याच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. पहिली भीतीची: घोडी शिंगरापासून पळते, जणू ठाणात कुणी अनोळखी जनावर शिरले आहे. ही पहिलारू घोड्यांत दिसते आणि धीराने घेतल्यास बहुधा निवळते. दुसरी दुखऱ्या कासेची: शिंगरू तोंडाशी असेतो घोडी प्रेमाने हुंगते, कासेला लागले की लाथ मारते. येथे ताठलेल्या कासेला कोमट शेक देणे, थोडे दूध काढणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदनाशामक देणे पुरते. तिसरी तऱ्हा भयंकर. घोडी शिंगरू कासेजवळ नसतानाही त्याच्यावर चाल करते, मानेच्या बुडाशी किंवा पाठीवर चावून धरते, उचलून फेकते. हा प्रकार अरबी वंशाच्या घोड्यांत तुलनेने अधिक आढळतो आणि त्याच घोडीत पुढच्या वेतात पुन्हा होऊ शकतो. अशा घोडीबरोबर शिंगराला एक क्षणही एकटे ठेवू नये. मध्ये आडवा दांडा लावून केवळ कास गाठता येईल अशी सोय करतात, शामक औषधे देतात, आणि दोन-चार दिवसांत पालट झाला नाही तर दाई घोडी किंवा हाताने पाजण्याचा मार्ग धरावा लागतो. साशंक घोडीच्या बाबतीत एक जुना उपाय कधी कधी चालून जातो: दुसरी घोडी किंवा कुत्रा ठाणाच्या कठड्यापलीकडून दाखवला की ती झटकन शिंगरू आणि त्या पाहुण्याच्या मध्ये येते, आणि एकदा राखण करू लागली की पाजूही लागते. हल्ला करणाऱ्या घोडीवर मात्र हा प्रयोग करू नये, रागाचा मारा शिंगरावरच येतो.

दोष कधी कधी आईकडे नसतो, शिंगराकडे असतो. काही शिंगरे जन्मतात धडधाकट, पण आईला ओळखत नाहीत, चोखण्याचे विसरतात, भिंतीला डोके लावून उभी राहतात किंवा ठाणात निरुद्देश भटकतात. घोडी हुंकारते, मागे मागे फिरते, आणि प्रतिसाद न मिळाल्याने अखेर गोंधळते. मालक म्हणतो घोडीने नाकारले. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्य जॉन मॅडिगन यांनी अशा शिंगरांबाबत असा विचार मांडला की गर्भाशयात पिलाला निद्रिस्त ठेवणारी संप्रेरकसदृश द्रव्ये जन्मानंतर ओसरायला हवीत ती ओसरत नाहीत, आणि जन्ममार्गातील दाब हा त्या जागे होण्याचा एक इशारा असतो. म्हणून छातीभोवती मऊ दोराचे वेढे देऊन सुमारे वीस मिनिटे आवळ ठेवण्याची पद्धत त्यांनी रुळवली. शिंगरू त्यात गाढ झोपते, आणि दोर सोडल्यावर काही शिंगरे उठून थेट कासेकडे जातात. मी हे घडताना पाहिले आहे आणि पहिल्यांदा माझा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. तरीही फासळी मोडलेली नाही आणि रक्तातील जंतुसंसर्गासारखा दुसरा आजार नाही याची खात्री पशुवैद्याने केल्यावाचून हा प्रयोग घरी करू नये.

वारेविषयी थोडेच लिहितो, कारण आपला प्रश्न तो नाही. वार पडेपर्यंत घोडी मधूनच अस्वस्थ होते, कुशीकडे पाहते, लोळते. गर्भाशय आकसत असल्याने हे होते. शिंगराने प्यायला सुरुवात केली की त्याच चोखण्याने पान्ह्याचे संप्रेरक सुटते आणि तेच गर्भाशयालाही आकसवते, म्हणजे शिंगरू आईची वार पाडायला मदत करते. तीन तासांत वार पडली नाही तर ती तातडीची बाब समजावी आणि लोंबणारी वार कधीही ओढू नये.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माणसांवर येणाऱ्या घोडीकडे. एरवी गरीब असलेली घोडी पहिले काही दिवस वाघीण होते, आणि याचा मला आनंदच वाटतो. कान मागे चिकटलेले, मान खाली व पुढे ताणलेली, शिंगरू तिच्या पलीकडच्या बाजूला: ही राखणीची मुद्रा आहे. ठाणात जाताना आधी आवाज द्यावा, घोडीकडे जावे, शिंगराकडे नव्हे, आणि त्या दोघांच्या मध्ये कधीही येऊ नये. शिंगराला काही करायचेच असेल तर ते आईच्या नाकासमोर करावे. शिंगरू तिच्या नजरेआड नेले की बिघडलेच. आठवड्याभरात ही धार बोथट होते. इतर घोड्यांत सोडण्याची मात्र घाई नको. आधी दोघांनाच छोट्या आवारात सोडावे, शिंगरू आईच्या मागे बिनचूक जाऊ लागल्यावर मग एखादी शांत सोबतीण द्यावी.

लीद खाणे पूर्णपणे स्वाभाविक आहे. पहिल्या एक-दोन महिन्यांत बहुतेक शिंगरे आईची ताजी लीद खातात आणि तिच्यातून चारा पचवणारे सूक्ष्मजीव त्यांच्या आतड्यात वस्तीला येतात, असे मानले जाते. थांबवू नये, घोडीला वेळेवर जंतनाशक मात्र दिलेले असावे. तसेच तासाला चार ते सात वेळा, एका वेळी मिनिट-दोन मिनिटे पिणे हे नेहमीचे आहे, कारण घोडीची कास लहान असते आणि फार दूध साठवत नाही. दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ शिंगरू कुशीवर आडवे पसरून झोपते आणि आई त्याच्या डोक्याशी उभी राहून पहारा देते. मोठे घोडे जवळ आले की ते मान पुढे काढून तोंडाची उघडझाप करते, दात वाजवल्यासारखे. ती 'मी लहान आहे' असे सांगण्याची त्याची भाषा आहे. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास घोडी पुन्हा माजावर येईल आणि त्याच सुमारास शिंगराला पातळ हगवण लागेल. शिंगरू उड्या मारत आणि पीत असेल तर ती चार-पाच दिवसांत आपोआप थांबते. पिणे कमी झाले, कास भरून गळू लागली, किंवा शिंगरू आईने हुंकार दिला तरी उठत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

उरला माणसाळवण्याचा प्रश्न. जन्मल्याबरोबर शिंगराला धरून कान, नाकपुड्या, खूर, पोट असे सर्वांग वारंवार चोळावे, म्हणजे ते कायमचे निर्भय होते, ही पद्धत अमेरिकन पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी लोकप्रिय केली. तिच्यामागची कल्पना प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिलांत दाखवलेल्या ठशाची आहे: अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा दिसलेली हलती आकृती पिलाच्या मनावर आई म्हणून ठसते. परंतु हंसाचे पिल्लू आणि शिंगरू यांत फरक आहे. वर म्हटल्याप्रमाणे शिंगराचे आईशी नाते पहिल्या तासात ठसत नाही, ते काही दिवसांत जुळते. रेन येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या तासभर धरून हाताळलेली शिंगरे पुढे आईला अधिक चिकटून राहणारी आणि कमी खेळणारी निघाली. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात शिंगराला हातही न लावता पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटे केवळ घोडीला खरारा केला आणि हाताने दाणा दिला, तेव्हा ती शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक सहज आली. मी स्वतः या दुसऱ्या रीतीकडे वळलो त्याला बरीच वर्षे झाली.

आपल्याकडे आज तिसरा दिवस आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. उद्या सकाळी एकट्याने जा, घोडीच्या खांद्यापासून खरारा सुरू करा आणि शिंगराकडे पाहूही नका. पहिल्या दिवशी ते आईच्या पलीकडून डोकावेल. दोन-तीन दिवसांत ते पोटाखालून अलीकडे येऊन आपली बाही हुंगेल. तेव्हाही हात न उचलता खरारा चालू ठेवा. आणि घोडी शांत उभी राहू लागली की त्याच खराऱ्याच्या ओघात मांडीच्या आतून कासेपर्यंत हात नेण्याची सवय तिला आत्तापासूनच लावा, म्हणजे पुढच्या वेतात ओल्या नाकाची पहिली धडक तिला इतकी परकी वाटणार नाही.